दोन फुटांचा एक इंच

निपाणीच्या आमच्या घरमालकांनी आयुष्यात कधी ट्रक चालवला नव्हता. ट्रकमध्ये ते कधी बसलेही नव्हते. बस असो, जीप असो, कुणाची नवीकोरी कार असो, बसल्यावर पहिल्या दोन किलोमीटरांत त्यांना उलटी व्हायची. त्यामुळे सत्तरी उलटेपर्यंत ते बहुतेक पायीच हिंडले. फार लांब जायचं असेल तर कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसायचे, कारण वारा लागला की त्यांना त्रास होत नसे. आणि अशा या माणसाच्या घरी, तंबाखूच्या जुन्या वखारीत, त्रेचाळीस ट्रक उभे होते.

सगळ्यात मोठा ट्रक माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरेल एवढा. सगळे एकाच मापाचे. खरी गाडी दोन फूट, तर यांची एक इंच. "चोविसावा हिस्सा" असं ते म्हणत नसत. "दोन फुटाचा एक इंच" असंच म्हणायचे, आणि ते माप त्यांच्या डोक्यात इतकं मुरलं होतं की नव्या माणसाकडे बघून ते म्हणायचे, "ह्यो पावणेतीन इंच असंल."

मी मूळची खानापूरची. निपाणीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले तेव्हा त्यांची माडी भाड्याने घेतली. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, मीही म्हणू लागले. घर बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला नोकरीचं, जातीचं, लग्नाचं काही विचारलं नाही. म्हणाले, "खानापूरच्या व्हय? तिकडं लाकडाच्या गाड्या असत्यात. त्यांच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्याला पानं किती असत्यात?"

मी म्हटलं, "कधी मोजली नाहीत."

"खानापूरच्या असून?" एवढंच बोलून त्यांनी किल्ली बायकोच्या हातात दिली आणि ते वखारीत निघून गेले. त्यांच्या पत्नींनी, म्हणजे आक्कांनी, मला बाकीचे नियम सांगितले. घर जैनांचं, तेव्हा कांदा-लसूण माडीवरच ठेवायचा, वास खाली येऊ द्यायचा नाही. आणि वखारीत काही म्हणजे काही हातात घ्यायचं नाही.

तंबाखूचा व्यापार भावांनी पुढे नेला, नंतर तोही आटोपला. आप्पांचं तरुणपणीचं काम म्हणजे वखारीच्या दारात बसायचं, गाडी आली की लिहायची, गेली की लिहायची. त्या तीसेक वर्षांत त्यांनी इतके ट्रक बाहेरून बघितले की माणसाचा चेहरा विसरतील पण गाडीचा नाही. कुठल्या गाडीचा बंपर डावीकडे वाकला होता, कुठल्या गाडीच्या मागच्या फाळक्यावर रंगवलेल्या मोराला पाय काढायचे राहून गेले होते, सगळं पाठ. आणि हे सगळं ते बनवायचे. देखणा, चकचकीत ट्रक त्यांनी एकही केला नाही.

बनवायची रीतही त्यांचीच. परदेशातून त्यांची मुलगी खोकी पाठवायची. त्या खोक्यांत ट्रकचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या डहाळ्यांना कैऱ्यांसारखे लटकलेले असत, सोबत कुठला भाग कुठे चिकटवायचा त्याचे मोठे नकाशे. पण ते सगळे ट्रक अमेरिकेतले, जर्मनीतले, जपानमधले. आप्पा एका खोक्यातलं केबिन कापून आखूड करायचे, दुसऱ्यातली चेसी म्हणजे खालचा सांगाडा घ्यायचे, तिसऱ्यातली चाकं, आणि न मिळणारं सगळं प्लॅस्टिकचा पत्रा कापून घरी करायचे. "आपली गाडी कुठल्याच खोक्यात येत न्हाय," ते म्हणायचे. "ती चार खोक्यांत मिळून असती." यात त्यांना कमीपणा वाटत नसे, उलट हेच बरोबर आहे असं त्यांचं मत होतं. नवी गाडी फक्त शोरूममध्ये असते. रस्त्यावर दहा वर्षं काढलेल्या गाडीचं इंजिन एकीचं असतं, आस दुसरीचा आणि आरसा कुणाचा ते देवालाच माहीत.

नकाशे मात्र ते एकदा नीट वाचून, घडी घालून आक्कांकडे द्यायचे. आक्का ते स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरायच्या. त्यामुळे त्या घरात "हळदीचा डबा दे गं, गिअरबॉक्सवरचा" असं सहज ऐकू यायचं.

जनावराच्या केसांचा ब्रश ते वापरत नसत, नायलॉनचाच चालायचा. रंगाचं काम सकाळी नऊ ते चार. ट्यूबलाईटमध्ये रंग खोटं बोलतो म्हणायचे. शिवाय सूर्य मावळायच्या आत जेवण, त्यामुळे चार वाजता हात धुऊन मोकळे. ट्रकच्या चाकांना आणि मडगार्डला लावायला त्यांना खरी माती लागायची आणि तीही त्या त्या गावची. मी सुट्टीला घरी निघाले की एक रिकामी डबी पुढे यायची. "लाल आणा. रस्त्याकडंची नको, डेपोच्या दारातली आणा, तिच्यात लाकडाचा भुसा असतोय." पाच वर्षं मी खानापूरहून आईचं लोणचं आणि आप्पांची माती आणली.

मापं घ्यायला ते हायवेवरच्या धाब्यांवर जायचे, खिशात टेप घेऊन. एकदा ते एका गाडीच्या मागे उकिडवे बसून मडगार्ड मोजत असताना ड्रायव्हर जेवता जेवता धावत आला. त्याला वाटलं हप्ता थकलाय म्हणून कुणीतरी गाडी ओढून न्यायला आलंय. "याक री? का वो? काय मोजालाय?" तो ओरडला. आप्पा शांतपणे म्हणाले, "काय न्हाय. दोन फुटाचा एक इंच करालोय." ते ऐकून ड्रायव्हर आणखीच घाबरला आणि जेवण टाकून गाडी घेऊन गेला. आप्पांना वाईट वाटलं ते इतकंच, की मागच्या दिव्याचं माप राहिलं.

हात न लावण्याचा नियम मात्र विनोदाचा नव्हता. वखारीच्या भिंतीवर मराठीत आणि कानडीत पाटी होती. "डोळ्यांनी बघा." सख्ख्या मेव्हण्याने एकदा एका ट्रकचं दार उघडतं का ते बोटाने बघितलं. दार उघडणारं नव्हतंच, तरी त्याच्याशी आप्पा दोन वर्षं बोलले नाहीत. कुठल्याच ट्रकचं दार उघडत नसे. काचा आतून काळ्या रंगवलेल्या असत. आत स्टेअरिंग नाही, सीट नाही, काही नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "दारातनं मला कधी आतलं दिसलंच न्हाय. न बघितलेलं कसं करू?"

हे सगळं असंच चाललं असतं. एका रविवारी मी त्यांच्या परवानगीने मोबाईलवर छोटासा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला ठेवला. तो कुणी कुठे पाठवला देव जाणे, महिन्याभरात माणसं यायला लागली. ड्रायव्हर, गाड्यांचे मालक, एक तर थेट गोकाकहून आला. सगळ्यांना आपापली गाडी करून हवी होती. आप्पा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. "मी बघितलेलीच गाडी करतो. तुमची बघितलेली न्हाय."

मग सुशीलाबाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, संकेश्वरच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. बस बदलून आल्या होत्या. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक फोटो काढून त्यांनी आप्पांपुढे धरला. तीस वर्षांपूर्वीचा रंगीत फोटो. पुढे बॉनेटचं नाक आलेला जुना ट्रक, विटकरी रंगाचा, त्याच्यापुढे मिशीवाला तरणा ड्रायव्हर आणि बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या सुशीलाबाई.

आप्पा नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी फोटो जवळ घेतला. भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले.

"ह्ये दार ह्या गाडीचं न्हवं," ते म्हणाले.

खरंच, सगळी गाडी विटकरी आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार निळं होतं. त्या निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक नाव होतं. सुनंदा.

"न्हवं," सुशीलाबाई म्हणाल्या.

"कुठनं आणलं?"

"मला न्हाय म्हाईत." त्या जरा तुटकच बोलल्या. "त्यांनाच इचारा."

"हाईत का मालक?"

"हाईत की. घरातच असत्यात."

आप्पांना आता राहवेना. दार कुठून आलं हे कळल्याशिवाय त्यांना गाडी कळली असं वाटायचं नाही. पुढच्याच रविवारी मी स्कूटर काढली आणि ते हेल्मेट घालून मागे बसले. तवंदीच्या घाटात स्तवनिधीच्या देवाला त्यांनी चालत्या गाडीवरूनच हात जोडले, त्यामुळे आम्ही दोघंही जरा डुललो.

घर उसाच्या मधोमध होतं. अंगणात बाजेवर मारुतीराव बसलेले. फोटोतली मिशी पांढरी झालेली, खांदे तसेच रुंद. "या, बसा," म्हणून त्यांनी हात पुढे केला. पण आप्पा होते त्या दिशेला नाही, जरा बाजूला. आप्पा फोटो पुढे धरून उभे होते. तो तसाच हातात राहिला.

"साखरेनं डोळं गेलं," सुशीलाबाई हळू म्हणाल्या. "पाच वर्षं झाली."

आमच्यापैकी कुणालाच त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मला वाटलं आता आप्पा काहीतरी धीराचं बोलतील. त्यांनी फोटो खिशात ठेवला, बाजेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "तुमच्या गाडीचं निळं दार कुठनं आणलासा?"

मारुतीरावांनी मान वळवली. "दार?" मग हसले. "चांगलं इचारलासा. तीस वर्षांत कोण इचारलं न्हाय."

त्यांचं मूळचं दार एका घाटात समोरून येणाऱ्या बसने सोलून नेलं होतं. कोल्हापूरला भंगारात त्याच बांध्याचं दार मिळालं, निळं. त्यावर त्या गाडीच्या ड्रायव्हरने आपल्या मुलीचं नाव लिहून घेतलेलं. "रंगवायचंच हुतं वो. घासपेपर घेऊन बसलोबी. सहज भंगारवाल्याला इचारलं, ह्या गाडीचा ड्रायव्हर कुठला? त्यो म्हणाला, गेला त्यो, गाडीसंगंच गेला." त्यांनी तळवा मांडीवर पुसला. "मग काय हात झाला न्हाय. म्हटलं, पोरीचं नाव हाय, फिरू दे रस्त्यावर. सोळा वर्षं फिरलं."

सुशीलाबाई दारात चहाच्या कपांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"पोरीचं नाव?" त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी पोरीचं?"

"मग कुणाचं?"

"मला वाटलं..." त्या उंबऱ्यावर बसल्या. "तीस वर्षं मला काय वाटलं आसंल?"

मारुतीरावांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. "अगं मग इचारायचं न्हाईस?"

"इचारणार कशी? इचारलं आसतं आन् तुमी खरं सांगितलं आसतं तर?"

मी जमिनीकडे बघत बसले. अशा वेळी पाहुण्यांनी कुठे बघायचं हे मला अजून कळलेलं नाही. आप्पांना मात्र असा काही प्रश्न पडलेला नव्हता. त्यांनी वही काढली आणि विचारलं, "निळा म्हंजे कसला? आकाशी, का मोरपंखी?" आणि मला त्यांचा राग यायच्या आत दोघांनीही एकदम उत्तर दिलं. मारुतीराव म्हणाले आकाशी, सुशीलाबाई म्हणाल्या मोरपंखी. त्यावरून दोघं भांडले, आणि ते भांडण बघून मला हायसं वाटलं.

आप्पांनी दोन महिने घेतले. अमेरिकन नाक, जर्मन चेसी, जपानी चाकं, लाकडाचे फाळके. दार मोरपंखीच केलं, सुशीलाबाईंना दिसत होतं म्हणून. नाव नायलॉनच्या ब्रशच्या एका केसाने लिहिलं. मी इतका चांगला ट्रक त्यांच्याकडे बघितला नव्हता, आणि तसं त्यांना म्हटलंही. "बरा झालाय," ते म्हणाले. बाकी कुणी असं म्हटलं की ते चूक दाखवायचे, यावेळी दाखवली नाही.

खोकं मांडीवर घेऊन ते स्कूटरवर मागे बसले. तिकडे पोचल्यावर ट्रक स्टुलावर ठेवला. सुशीलाबाईंनी बघितला आणि पदर तोंडाशी नेला.

"कुठं हाय?" मारुतीराव म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

आप्पांचा हात अर्धवट वर गेलेला मी बघितला. सवयीने शब्दही आले असतील तोंडाशी. पण ते तिथेच थांबले. मारुतीरावांची जाड बोटं बंपरला लागली, मग नाकावरून वर गेली, दिवे, काच, वरचा टप. बाजूचा आरसा टक करून मोडला. आप्पांनी डोळे मिटले.

"मोडला काय?"

"असू दे," आप्पा म्हणाले. दोन वर्षं मेव्हण्याशी न बोललेला माणूस असू दे म्हणाला.

बोटं खिडकीशी आली. तिथे ठोकळ्यासारखी बंद काच. मारुतीरावांनी ती दोनदा चाचपली.

"आत काय न्हाय?"

"आतलं दिसत न्हाय," आप्पा म्हणाले. "बाहेरनं बघितल्यावर."

"मला बाहेरनं तरी कुठं दिसतंय, आप्पा?" यात टोमणा नव्हता. ते जसं होतं तसं सांगत होते. "गाडीचं नाक मी कवा बघितलं? धुताना. बाकी सगळा जलम आतच गेला. गिअरच्या दांड्याला मी सायकलची मूठ बशीवली हुती. डाव्या अंगाला पाण्याचं मडकं. हिच्या लुगड्याचा पडदा. ती गाडी. ह्ये... ह्ये चांगलं हाय. पर ह्ये दुसऱ्याला दिसायचं."

परतीच्या वाटेवर आप्पांचं खोकं मांडीवर होतंच. सुशीलाबाईंनी ठेवून जा म्हटलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आक्का पायरीवर बसलेल्या. "जाऊन बघ गं एकदा," त्या म्हणाल्या. वखारीत आप्पा घासपेपरने त्या ट्रकचा रंग खरवडत होते. दारं करवतीने कापून काढलेली होती. आजवरच्या सगळ्या ट्रकांमध्ये त्यांनी केलेलं काम उलटं फिरवलं असा हा पहिलाच.

अडचण एकच होती. आतलं त्यांनी बघितलेलं नव्हतं. न बघितलेलं ते करत नसत. तेव्हा त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर हायवेवरच्या पंपावर गेले. तिथे नाकवाला एक जुना ट्रक अजून पाणी वाहत होता. ड्रायव्हरला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, चढा की. आप्पा सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा केबिनमध्ये चढले. टेप काढून सीटपासून स्टेअरिंगपर्यंतचं अंतर घेतलं, दांड्याची उंची घेतली, पाय कुठे टेकतो ते घेतलं. मग मीच नको ते बोलले. म्हटलं, थोडी चालवून दाखवा ना. ड्रायव्हरने गाडी रस्त्यावर घेतली, पुढच्या फाट्यापर्यंत नेली, वळवून आणली. एकूण पंधरा मिनिटं असतील. आप्पा उतरले ते थेट पंपाच्या मागे गेले. तोंड धुऊन आले तेव्हा पांढरे पडले होते, पण बोलायला लागले ते थांबेनात.

"बाई, आत बसलं की गाडी दिसतच न्हाय. नुसता रस्ता दिसतोय! मी पन्नास वर्षं गाडी बघालोय, आणि गाडीतल्या माणसाला गाडीच दिसत न्हाय."

यावेळी तीन महिने लागले. दारं पितळी बिजागरीवर उघडणारी झाली. टप वर उचलला जायचा. आरसे तारेचे, वाकतील पण मोडणार नाहीत असे. सीट, मडकं, दांड्याला मूठ, फिरणारं स्टेअरिंग. पडद्यासाठी त्यांनी निरोप पाठवून सुशीलाबाईंकडून जुन्या लुगड्याचा काठ मागवला. रंग मात्र दिला नाही. बोटांना कडा नीट लागाव्यात, रंगाने त्या बुजतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तो ट्रक दिसायला विचित्र होता. नाक पांढरं, चेसी राखाडी, चाकं काळी, फाळके लाकडाचे. चार खोक्यांतलं चार ठिकाणचं सगळं उघड दिसत होतं.

मारुतीरावांनी टप उचलला, हात आत घातला आणि मडकं सापडल्यावर "आगं, मडकं!" असं एवढ्या मोठ्याने म्हणाले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग दोन बोटांनी स्टेअरिंग धरलं आणि ते डावी-उजवीकडे वळवत राहिले.

आप्पा बाजेवर सुखावून बसले होते. सुशीलाबाई मात्र ट्रकभोवती फिरून बघत होत्या.

"रंग कुठं हाय?" त्या म्हणाल्या.

आप्पांनी बोटांचं, कडांचं सगळं समजावून सांगितलं.

"ते झालं वो. त्यांना दिसत न्हाय. मला दिसतंय की." आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आन् सुनंदा कुठं गेली?"

आप्पा चाचरले. मी त्यांना चाचरताना तेव्हाच बघितलं. "मला वाटलं... तुम्हाला नको आसंल."

"तीस वर्षं मी तिला शिव्या दिल्या. मनातल्या मनात, पर दिल्या. ती कुणाची तरी बिनबापाची पोरगी निघाली. ऱ्हाऊ द्या तिचं नाव."

आप्पा त्यानंतर तीन रविवार रंगाचं सामान घेऊन माझ्या मागे बसून तिकडे गेले. अंगणात, उन्हात, सुशीलाबाईंसमोर त्यांनी रंग दिला. पातळ, एकावर एक, कडा बुजणार नाहीत असा. विटकरीत जरा जास्त तांबडं आलं तर त्या "न्हाय, एवढं न्हाय" म्हणायच्या, आणि कुणाचं न ऐकणारे आप्पा पुसून पुन्हा द्यायचे. नावाची अक्षरं त्यांनी प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापली, उंच, बोटाला लागतील अशी. ती चिकटवून वाळल्यावर मारुतीरावांनी अंगठा फिरवला. सु, नं, दा. सुशीलाबाईंनी त्यांचा अंगठा धरून पुन्हा एकदा फिरवला.

पुढच्या वर्षी माझी बदली बेळगावला झाली. आता मी हिंडलग्यात राहते. गेल्या महिन्यात निपाणीला काम निघालं म्हणून घरी डोकावले. वखारीचं दार उघडं होतं, आत आप्पा नव्हते.

"मारुतीरावांची गाडी बंद पडलीया," आक्का म्हणाल्या. "बघायला गेलेत."

"कुणाच्या गाडीवर बसून?"

"कुणाच्या न्हाय. बसनं गेलेत." आक्कांनी चहाचं आधण ठेवलं. "तू गेलीस, मग कोण नेणार? दर महिन्याला काय तरी मोडतंय. दोन लिंबं आणि चार पिशव्या घेऊन जात्यात."

मी थांबले. चारच्या सुमाराला आप्पा आले. काखेत सामानाचा डबा, चेहरा पिवळा, ओठ कोरडे. पायरीवर बसले आणि डोकं भिंतीला टेकवून त्यांनी डोळे मिटले. आक्कांनी पाण्याचा तांब्या हातात दिला. पाणी प्यायल्यावर त्यांना मी दिसले.

"स्टेअरिंग निघालं हुतं," ते म्हणाले, जणू मी सकाळपासून तिथेच होते.

"कशानं?"

"वळणावर लई जोरात फिरवलं म्हणाला. तवंदीच्या." त्यांनी तोंड पुसलं. मी हसले, पण ते हसले नाहीत. "हसू नका बाई. तिथं तेवढंच फिरवायला लागतंय. मी आत्ताच आलो की त्या वळणावरनं."